पिस्तुलातला मळ आणि तेलाखालचा गंज

शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आम्ही घर्षण आणि वंगण या विषयावर बोललो होतो. चहाच्या सुट्टीत इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचा विषय माझा नव्हे, पण एक शंका आहे. १८५७ च्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावतात ही बातमी पसरली आणि शिपाई भडकले, हे मी दरवर्षी शिकवते. दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, की पण बाई, काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? मी सांगते, दारू ओली होऊ नये म्हणून. हे बरोबर आहे ना?"

आम्ही म्हणालो, "अर्धे बरोबर आहे." उरलेले अर्धे उत्तर देता देता चहा थंड झाला आणि तरीही ते पुरे झाले नाही. कारण त्या चरबीचा प्रश्न पुढे एका गंजाच्या कोड्याशी जाऊन मिळतो, आणि ते कोडे सुटायला १९२२ साल उजाडावे लागले. एखादी वस्तू स्वच्छ करणे आणि तिला तेल देणे ही दोन कामे आपण एकच समजतो. ती वेगळी का आहेत, हे पिस्तुलाच्या उदाहरणाने फार चांगले समजते. शस्त्र बाळगावे की नाही हा या लेखाचा विषय नव्हे. पोलाद, उष्णता, वायूचा प्रचंड दाब, ओलावा आणि मनुष्याचा घामट हात एवढे सगळे एका तळहाताएवढ्या यंत्रात एकत्र येते, म्हणून आम्ही हे उदाहरण घेत आहोत.

नळीतला काळा चिखल

बंदुकीची जुनी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांचे मिश्रण. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ही दारू पेटली की तिचे सगळेच वायूत रूपांतर होते असे आपल्याला वाटते, परंतु प्रत्यक्षात तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ बनतात. त्यांत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे प्रमुख. त्यांतला बराचसा भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला नळीच्या आतल्या भिंतीवर बसतो. पोटॅशियम कार्बोनेट हवेतील ओलावा चटकन शोषून घेते. त्यामुळे हा थर कोरड्या राखेसारखा राहत नाही. त्याचा चिकट काळा चिखल होतो.

१८५३ सालची एन्फील्ड बंदूक तोंडाकडून भरावी लागत असे. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दातांनी फोडायची, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी कागदासकट गजाने ठासून खाली न्यायची. प्रत्येक बाराबरोबर चिखलाचा थर वाढत जाई आणि काही बारांनंतर गोळी खाली उतरणे कठीण होई. गोळीभोवतीच्या कागदाला लावलेली चरबी हा थर मऊ ठेवी, गोळी सरकायला मदत करी आणि पुढची गोळी मागचा मळ थोडाफार पुसत नेई. म्हणजे ती चरबी हा त्या बंदुकीच्या रचनेचाच एक भाग होता. तिच्याशिवाय लढाईच्या ऐन वेळी बंदूक भरताच आली नसती.

पण कोणती चरबी, हा प्रश्न ठरवणाऱ्यांनी ती कोणाच्या दातांशी जाणार आहे याचा विचार केला नाही. १८५७ च्या जानेवारीत दमदम येथे कुजबूज सुरू झाल्यावर शिपायांनी मेण, तूप, तेल असे आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा देण्यात आली. तोपर्यंत विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे आणि १० मे रोजी मीरतची पलटण यांचा इतिहास आपण जाणतोच. उठावाची कारणे अनेक होती, पण ठिणगी पडली ती वंगणावर.

त्याच काळात पिस्तुलांमध्येही हाच चिखल त्रास देत होता. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे घर चक्रासारखे फिरते. ते घर आणि नळी यांच्यामध्ये एक-दोन कागदांच्या जाडीएवढीच फट असते. त्या फटीत आणि चक्राच्या आसावर मळ साचला की चक्र अडकते. यावरचा उपाय अनुभवाने सर्वांना ठाऊक होता. नळी पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने धुवायची, पुसून कोरडी करायची आणि मगच तेल द्यायचे. पोटॅशियमचे हे सारे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाणी हेच खरे औषध होते. धुताना कुजक्या अंड्यासारखा जो वास येई तो सल्फाइडचा.

दारू सुधारली आणि गंज वाढला

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. तिचे ज्वलन झाले की जवळजवळ सर्व वायूच बनतात. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन. घन मळ अगदी थोडा. साहजिकच लोकांना वाटले की आता धुण्याचा उपद्व्याप संपला. तेलाचा बोळा नळीतून फिरवला, नळी आरशासारखी चमकली, की काम झाले.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. चमकणारी, तेल लावून ठेवलेली नळी काही दिवसांनी उघडून पाहावी तर आत तांबूस ठिपके! पुन्हा पुसावे, पुन्हा तेल लावावे, तर आठवड्याने पुन्हा गंज. जुनी दारू इतकी घाणेरडी असूनही धुतलेल्या नळ्या वर्षानुवर्षे टिकत, आणि ही स्वच्छ दारू नळ्या खाऊन टाकत होती.

संशय अर्थातच नव्या दारूवर गेला. तर्क वरवर अगदी शास्त्रशुद्ध होता. नायट्रोसेल्युलोज तयार करताना नायट्रिक आम्ल वापरतात, तेव्हा तिच्या अवशेषांत आम्ल राहत असणार आणि तेच पोलाद खात असणार. मग आम्लाचे उदासिनीकरण करणारी अल्कधर्मी तेले आली. त्यांचा उपयोग कधी होई, कधी होत नसे. ज्यांत पाण्याचा अंश होता किंवा ज्यांबरोबर पाणी वापरले जाई, ती उपयोगी पडत. पण त्यामागचे खरे कारण कोणाच्या ध्यानात येत नव्हते.

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये या प्रश्नाचा निकाल लावला. त्यांच्या अहवालाचा विषयच 'तेलाच्या थराखालचा गंज' असा होता. त्यांनी दाखवून दिले की खरा गुन्हेगार दारू नव्हे. तो दारू पेटवणारी काडतुसाच्या बुडाची चिमुकली टोपी आहे. तिलाच प्रायमर म्हणतात. चाप ओढला की या टोपीवर आघात होतो, तिच्यातील दोन-तीन शतांश ग्रॅम स्फोटक मिश्रण भडकते आणि त्या ज्वाळेने दारू पेटते. त्या काळी या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. शाळेच्या प्रयोगशाळेत प्राणवायू तयार करण्यासाठी आपण जे समीकरण शिकवतो, तेच येथे घडते. पोटॅशियम क्लोरेटचे दोन रेणू प्राणवायूचे तीन रेणू सोडतात आणि मागे पोटॅशियम क्लोराइडचे दोन रेणू राहतात. वजनाने पाहिले तर १२२.५ ग्रॅम क्लोरेटमागे ७४.५ ग्रॅम क्लोराइड उरते, म्हणजे सुमारे ६१ टक्के.

हे पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. बारासरशी त्याचे सूक्ष्म कण नळीभर उडून पोलादावर बसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. नळी चमकतच असते.

आता जुन्या दारूच्या काळात हे का जाणवले नाही याचा उलगडा होतो. तेव्हाही टोपीत क्लोरेट असे; परंतु काळ्या चिखलापायी लोक नळी पाण्याने धूत, आणि चिखलाबरोबर हे मीठही वाहून जाई. नव्या दारूने चिखल नाहीसा केला, त्याबरोबर धुण्याची सवयही गेली, आणि मीठ मात्र मागे राहिले.

तेलाने मीठ का निघत नाही

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक घरात ठाऊक असते. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल शोषून विरघळू लागते. घरगुती मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतील तर ते त्याहूनही लवकर पाझरते. पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ८४ टक्के आहे. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात आर्द्रता सहज याच्या वर असते. म्हणजे नळीतल्या प्रत्येक अदृश्य कणाभोवती खाऱ्या पाण्याचा एक सूक्ष्म थेंब तयार होतो.

खारे पाणी विजेचे वाहक आहे, आणि गंजणे ही मुळात विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पोलादाचा एक बिंदू इलेक्ट्रॉन सोडतो, शेजारच्या बिंदूवर प्राणवायू ते स्वीकारतो आणि मधला खारा थेंब हे मंडल पूर्ण करतो. शिवाय क्लोराइडचे आयन पोलादावरील संरक्षक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा भेदतात. या खटाटोपात क्लोराइड फारसे खर्च होत नाही, त्यामुळे थोडेसे मीठही पुष्कळ काळ काम करीत राहते. पुसून, तेल लावून पुन्हा गंज चढे तो याच कारणाने.

मग वरचे तेल काय करीत होते? तेलाचे रेणू अध्रुवीय असतात. मिठातील धन आणि ऋण आयनांना परस्परांपासून सोडवण्याची ताकद त्यांच्यात नसते. ती पाण्याच्या ध्रुवीय रेणूंत असते. म्हणून तेलात मीठ विरघळत नाही. रॉकेलच्या जातीच्या द्रावकांतही नाही. तेलाचा बोळा फिरवला की काजळी निघते आणि मीठ तेलाखाली झाकले जाते. तेलाचा पातळ थर ओलावा अडवतो खरा, पण पूर्णपणे नव्हे. पाण्याची वाफ हळूहळू त्यातून आत झिरपते. आत मीठ वाट पाहतच असते.

हा धडा आम्ही स्वतःच्या प्रयोगशाळेत एकदा चांगलाच शिकलो आहोत. घर्षणाच्या प्रयोगासाठी पोलादाच्या चकत्या आरशासारख्या घासून तयार केल्या, हाताने उचलून तेल लावले आणि डब्यात ठेवल्या. पावसाळ्याचे दिवस होते. दोन आठवड्यांनी डबा उघडला तेव्हा एका चकतीवर तेलाखाली अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटलेला होता. तोही गंजाने! घामातले मीठ पुसायचे राहिले होते. पंधरा दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.

ब्रिटिश फौजेतील ली-एन्फील्ड रायफलच्या नळीत नाळके लावून उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती, ती याच कारणाने योग्य होती. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, तर १०० अंशांना सुमारे ५६ ग्रॅम. पण नळीतले मीठ एवढे थोडे असते की ते विरघळवायला थंड पाणीही पुरे. उकळत्या पाण्याचा खरा फायदा असा, की पोलाद तापते आणि नळी आपोआप कोरडी होते. मग तेल द्यायचे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि अमेरिकेत क्लोरेटऐवजी लेड स्टिफनेट आणि बेरियम नायट्रेट वापरलेल्या टोप्या बाजारात आल्या. त्यांच्यामागे असे मीठ उरत नाही. सैन्यांनी मात्र जुनी टोपी दुसऱ्या महायुद्धातही पुष्कळ ठिकाणी चालू ठेवली, कारण साठवणीत ती भरवशाची ठरलेली होती. जुन्या साठ्यातील काडतुसे वापरणाऱ्यांना आजही पाण्याचाच नियम लागू आहे.

आजच्या पिस्तुलातील मळ

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात पॉइंट टू-टू व्यासाचे पिस्तूल वापरतात. त्याची गोळी शिशाची, सुमारे अडीच ग्रॅम वजनाची आणि मेण किंवा ग्रीस लावलेली असते. बार होताना आतला दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीच्या वर जातो. सरावात शेकडो बार होतात. अशा पिस्तुलात काय काय साचते ते पाहू.

पहिला मळ काजळीचा, अर्धवट जळालेल्या दारूचा आणि करपलेल्या मेणाचा. हा सेंद्रिय मळ रॉकेलच्या जातीच्या द्रावकात मऊ पडतो आणि निघतो.

दुसरा मळ शिशाचा. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्यांच्या कडांवर मऊ शिसे घासून चिकटते. शिसे तेलात विरघळत नाही आणि रॉकेलमध्येही नाही. ते खरवडूनच काढावे लागते, आणि त्यासाठी ब्राँझच्या तारांचा ब्रश वापरतात. ब्राँझ शिशाहून कठीण आणि पोलादाहून मऊ असते, त्यामुळे शिसे निघते आणि खाचा शाबूत राहतात. काठिण्याची तुलना शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

तिसरा मळ तांब्याचा. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. तांबे अमोनियात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, विरघळते आणि गडद निळे संयुग बनते. म्हणून तांब्यासाठीच्या अनेक द्रावकांत अमोनिया असतो. चिंदी निळी होऊन येते तोपर्यंत आत तांबे आहे. ती पांढरी आली की संपले. मात्र औषध चुकीच्या जागी पोचले तर विष ठरते. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. तबेल्यातील घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि पितळेला ठोकून आकार देताना त्यात राहिलेला ताण, या दोहोंमुळे ते होत असे, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. अमोनियाचे द्रावक नळीपुरते आणि थोडाच वेळ वापरावे, काडतुसांजवळ नेऊ नये, हा नियम त्यावरून समजतो.

चौथा मळ मिठाचा. नव्या टोप्यांनी नळीतले मीठ गेले, पण मुठीजवळचा घाम गेलेला नाही. त्याला पाण्याने ओलसर केलेले फडके आणि लगेच कोरडे फडके, हाच उपाय.

साफ करण्याचा क्रम यावरून आपोआप ठरतो. सर्वांत आधी मॅगझीन बाहेर काढायचे, मग वरची सरक मागे ओढून नळीचे घर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. काडतुसे त्या खोलीतच ठेवायची नाहीत. 'रिकामेच आहे' असे गृहीत धरून साफ करायला घेतलेल्या शस्त्रांनी माणसे दगावली आहेत, म्हणून ही पायरी कितीही अनुभवी माणसाने गाळायची नसते. मग द्रावकात भिजवलेली चिंदी, थोडा वेळ थांबणे, ब्रश, पुन्हा कोरड्या चिंद्या. ब्रश शक्य तर मागच्या बाजूने घालतात, कारण गोळी नळीचे तोंड सोडते त्या कडेवर ओरखडा पडला तर नेम बिघडतो. एन.सी.सी.त रायफलीसाठी पुलथ्रूची दोरी मागच्या बाजूने सोडून तोंडाकडून ओढतात, तेही याचसाठी. हे सर्व झाल्यावर, अगदी शेवटी, तेल.

एक थेंब पुरे

तेल दोन कामे करते. ते ओलावा अडवते आणि एकमेकांवर सरकणारे धातू वेगळे ठेवते. दुसरे काम कसे होते ते पाहण्यासाठी पुन्हा १९२२ सालाकडेच जावे लागते. त्या वर्षी केंब्रिजमध्ये विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी अतिशय पातळ थरांच्या वंगणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगाने फिरणाऱ्या आसाभोवती तेलाची जाड गादी तयार होते आणि आस तीवर जणू तरंगतो. पिस्तुलाची सरक मात्र क्षणात मागे जाते, थांबते, पुढे येते, पुन्हा थांबते. अशा ठिकाणी गादी टिकत नाही. तेथे धातूला चिकटलेला रेणूंचा थरच कामाला येतो. मेदाम्लासारख्या रेणूंचे एक टोक धातूला धरते आणि लांब शेपूट बाहेर उभे राहते, जणू दाट गवत. रेणूंची साखळी जितकी लांब तितके घर्षण कमी, असे हार्डी व डबलडे यांना आढळले.

तेल किती लागते याचा हिशोब वर्गात करण्यासारखा आहे. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ घन सेंटिमीटर. सरकीच्या खाचा आणि घासणारे सर्व भाग मिळून ५० चौरस सेंटिमीटर धरले, तरी त्या थेंबाचा थर ०.००१ सेंटिमीटर म्हणजे १० मायक्रोमीटर जाड होईल. स्टिअरिक आम्लाचा रेणू सुमारे अडीच नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे एका थेंबात अशा चार हजार थरांची सोय आहे!

मग जास्त तेल घातले तर बिघडले कुठे? पुष्कळच बिघडते. जादा तेल धूळ आणि न जळालेल्या दारूचे कण धरून ठेवते आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. ते टोपीपर्यंत झिरपले तर काडतूस फुसके निघू शकते. थंडीत ते घट्ट होते. १९४१ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैनिकांची शस्त्रे अडकून बसली, त्याचे एक कारण थिजलेले वंगण हे होते. आणि घरातले खाद्यतेल तर मुळीच चालत नाही. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाचे रेणू प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांना जोडले जातात आणि चिकट राळ बनते. खोबरेल तेल २५ अंशांच्या खाली गोठते. शिवणयंत्राला खोबरेल घालून ते जाम झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

हाताला लागलेले शिसे

आणखी एक मळ पिस्तुलात राहत नाही, तो माणसाकडे जातो. टोपीतील लेड स्टिफनेट आणि शिशाची गोळी यांच्यामुळे धुरात आणि साफ केलेल्या चिंद्यांवर शिसे असते. शिशाची अमुक मात्रा मुलांना निर्धोक आहे असे आज कोणीही सांगू शकत नाही. अल्प प्रमाणातही ते मेंदूच्या वाढीला बाधते. नेमबाजी शिकणारी बरीच मुले शाळकरी वयाची असतात, आणि एन.सी.सी. सांभाळणारे आपणच असतो. म्हणून साफसफाई मोकळ्या हवेत करावी, त्या वेळी डबा उघडू नये, चहा पिऊ नये, नंतर हात साबणाने चोळून धुवावेत, चिंद्या वेगळ्या पिशवीत टाकाव्यात. नेमबाजीच्या हॉलमध्ये कोरडा झाडू मारू नये, कारण त्याने शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसावे. पदक मिळो न मिळो, मुलाच्या रक्तात शिसे जाता कामा नये.

वर्गात करून पाहा

हे सारे शिकवण्यासाठी पिस्तुलाची मुळीच गरज नाही. पाच साधे लोखंडी खिळे घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन, कोरडे करा. यापुढे ते चिमट्यानेच उचला. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला शिवणयंत्राचे तेल लावा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि त्याला तेल लावा. चौथा तसाच खारवून, रॉकेलच्या बोळ्याने पुसून, तेल लावा. पाचवा खारवून, गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून मग तेल लावा. एका बरणीच्या तळाशी ओला कापूस ठेवा, खिळे दोऱ्याने वर टांगा, झाकण लावा आणि दोन आठवडे रोज नोंद करा. प्रयोगापूर्वी मुलांना अंदाज लिहायला सांगा. तिसऱ्या आणि चौथ्या खिळ्यांची तुलना दुसऱ्या आणि पाचव्याशी करा. चौथा खिळा म्हणजे १९२२ पूर्वीचा तो चमकणारी नळी तेलाने पुसून निश्चिंत झालेला सैनिक.

नववी-दहावीच्या मुलांसाठी दुसरा प्रयोग. दोन परीक्षानळ्यांत तांब्याच्या तारेचे घासलेले तुकडे घ्या. एक नळी विरल अमोनियाने काठोकाठ भरून बुचाने बंद करा, दुसरी अर्धीच भरा आणि मधून मधून बूच काढून हवा द्या. अमोनिया शिक्षकांनी स्वतः, खिडकीजवळ ओतावा. दुसऱ्या दिवशी कोणती नळी अधिक निळी आहे ते पाहून प्राणवायूची भूमिका मुलांकडूनच काढून घ्या.

उजळणी वर्गातल्या त्या बाईंना आम्ही नंतर पत्राने एवढेच कळवले की चरबी दारू कोरडी ठेवण्यासाठी होतीच, पण नळीतला चिखल मऊ ठेवण्यासाठी अधिक होती. आणि पुढच्या वर्षी मुलाने विचारले तर त्याला उलट विचारावे, की तो चिखल कशात विरघळत असेल? हा प्रश्न सैनिकांनी अनुभवाने सोडवला होता, शास्त्रज्ञांना तो काही काळ चकवून गेला, आणि शेवटी मिठाच्या बरणीइतक्या ओळखीच्या गोष्टीत त्याचे उत्तर सापडले. सायकलची साखळी असो, विहिरीवरचा पंप असो की पिस्तूल, तेलाची बुधली हातात घेण्याआधी आपण क्षणभर थांबून विचारावे, की हा मळ कशाचा आहे?